पिंपल्सच्या ट्यूबनं चेहऱ्याचे पापुद्रे निघतायत? ट्यूब फेकण्याआधी हे करा

दहावी-बारावीच्या वयातली मुलं पिंपल्सची ट्यूब घेऊन जातात आणि पंधरवड्याच्या आत पुन्हा दुकानात येतात. मी औषधाच्या दुकानात काउंटरला असते, त्यामुळे हे चेहरे माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पापुद्रे, हनुवटीवर कोंडा पडल्यासारखी त्वचा, ओठांच्या कोपऱ्यात चिरा. काहींना ट्यूब परत करायची असते, "अ‍ॅलर्जी झाली" म्हणून. काहींना आणखी स्ट्राँग ट्यूब हवी असते, कारण साल निघतेय म्हणजे औषध लागू पडतंय असं कुणीतरी सांगितलेलं असतं. दोन्ही समजुती चेहऱ्याचं नुकसानच करतात. बहुतेक वेळा औषध बरोबर असतं. ते लावलं जातं भरमसाट, पहिल्या दिवसापासून रोज, आणि त्याच्या जोडीला चेहऱ्यावर आणखी चार गोष्टी चोळल्या जातात. औषध चालू ठेवून त्वचा कशी सांभाळायची, ते क्रमानं सांगते.

पायरी १: ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा

मोठ्या अक्षरातलं कंपनीनं ठेवलेलं नाव सोडा. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा.

अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइन लिहिलं असेल तर ते रेटिनॉइड, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. त्वचेच्या वरच्या थरातल्या मृत पेशी एकमेकींना चिकटून छिद्रं बुजवतात आणि मुरुमाची सुरुवात तिथून होते. रेटिनॉइड या पेशींची पकड सैल करतं आणि खालच्या नव्या पेशी लवकर वर आणतं. एरवी पेशीला वर यायला साधारण महिना लागतो. हा वेग एकदम वाढला की वरचा थर पातळ होतो, त्वचेतलं पाणी भराभर उडून जातं आणि सुट्या झालेल्या पेशींचे पापुद्रे निघतात. पहिले दोन ते चार आठवडे हा त्रास सगळ्यात जास्त असतो. मग त्वचा सरावते.

बेन्झॉइल पेरॉक्साइड वेगळ्या पद्धतीनं काम करतं. ते छिद्रात ऑक्सिजन सोडून जंतू मारतं. कोरडेपणा आणि चरचर त्याच्यानंही होते. याची ओळख कपड्यांवरून पटते. उशीचा अभ्रा, टॉवेल, युनिफॉर्मची निळी कॉलर यांवर फिकट पिवळट डाग दिसले तर तिथला रंगच उडालेला असतो, कितीही धुतलं तरी तो परत येत नाही. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वापरा.

बऱ्याच मुलांकडे ट्यूबशिवाय पिंपल्ससाठीचा वेगळा फेसवॉशही असतो. त्यात सहसा सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं आणि तेही त्वचा सोलतं. म्हणजे एकाच चेहऱ्यावर दोन-तीन औषधं चालू असतात आणि दोष मात्र एकट्या ट्यूबवर जातो.

एक नाव दिसलं तर मात्र इथेच थांबा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यांपैकी काहीही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. मैत्रिणीनं सुचवलेल्या, पार्लरमधून आणलेल्या, 'गोरं करणाऱ्या' क्रीममध्ये ते हमखास सापडतं, कधीकधी ट्रेटिनॉइनसोबतच. पहिले काही दिवस चेहरा नितळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठतं, आणि क्रीम बंद केलं की सगळं आणखी उसळतं. अशा चेहऱ्याला पुढच्या पायऱ्या पुरणार नाहीत. ती ट्यूब घेऊन सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मला या क्रीमचा मनापासून राग आहे, कारण ती मागायला येणारी मुलं पंधरा-सोळा वर्षांची असतात.

पायरी २: जळजळ थांबेपर्यंत औषधाला सुटी द्या

साधं पाणी लागलं तरी चरचरतंय, हसताना गाल ताणल्यासारखे वाटतायत, लाली सकाळपर्यंत उतरत नाही, असं असेल तर दोन-तीन रात्री ट्यूब लावू नका. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सीचं सीरम, स्क्रब, सगळं बंद. चेहरा धुवायचा आणि मॉइश्चरायझर लावायचं, एवढंच. औषध डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर फोन करून सांगा की एवढी आग होतेय, म्हणून थांबतोय. दोन-तीन रात्रींच्या खाड्यानं उपचार वाया जात नाही. आग सहन करत लावत राहिलं तर मात्र त्वचा इतकी चिडते की शेवटी मुलं कंटाळून सगळंच सोडून देतात.

आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला आणखी एक धोका असतो. त्वचा चिडली, सोलवटली की त्या जागी काळपट डाग राहतो आणि तो जायला महिनोन् महिने लागतात. पिंपल गेला आणि औषधाच्या जळजळीचा डाग मागे उरला, असं होऊ द्यायचं नसेल तर हळू जाण्यातच शहाणपण आहे.

पायरी ३: चेहरा कमी धुवा, हळुवार धुवा

सकाळी एकदा, रात्री एकदा. ग्राउंडवरून घामाघूम होऊन आलात तर आणखी एकदा नुसत्या पाण्यानं. तेलकट वाटतंय म्हणून दर दोन तासांनी साबण लावणारी मुलं मला माहीत आहेत, आणि सगळ्यात जास्त पापुद्रे त्यांच्याच चेहऱ्यावर असतात. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. तो अल्कधर्मी असतो, त्वचा स्वतः किंचित आम्लधर्मी असते. साबण नसलेलं, फारसा फेस न होणारं, बिनवासाचं क्लिन्झर घ्या. महागडं नाही मिळालं तरी चालेल. 'जेंटल' आणि 'सोप-फ्री' हे दोन शब्द पाहून घ्या.

पाणी कोमट किंवा साधं. अंघोळीचं कढत पाणी चेहऱ्यावर ओतू नका. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर साबण नीट निघत नाही आणि त्याचा थर कोरडेपणा वाढवतो, म्हणून तिथे क्लिन्झर थोडंच घ्या आणि नीट धुऊन काढा. नायलॉनची जाळी, घासणी, प्यूमिस काहीच नको, फक्त बोटं. आणि टॉवेलनं पुसू नका, टिपून घ्या.

पायरी ४: मॉइश्चरायझर लावा, तेलकट त्वचा असली तरी

यावर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. मुलं म्हणतात, "माझी स्किन ऑलरेडी ऑइली आहे, क्रीम लावलं तर पिंपल्स वाढतील." तेल वेगळं आणि पाणी वेगळं. तुमच्या ग्रंथी तेल बनवत असतात, त्याच वेळी औषधानं पातळ झालेल्या थरातून पाणी उडत असतं. म्हणून कपाळ चकचकीत आणि त्याच कपाळावर पापुद्रे, असं दोन्ही एकदम दिसतं. मॉइश्चरायझर ते पाणी धरून ठेवतं. पिंपल्सच्या उपचाराचा तो अर्धा भाग आहे असंच माना.

डब्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं असावं, म्हणजे छिद्रं बुजवू नयेत अशा बेतानं बनवलेलं. घटकांमध्ये ग्लिसरीन, सेरामाइड, हायलुरॉनिक अ‍ॅसिड, डायमेथिकोन यांतलं काही दिसलं तर चांगलं. सुगंध नसलेलं घ्या. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हलकं जेल किंवा लोशन पुरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नाशिक, पुणे, नागपूरकडे, किंवा रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत, थोडं घट्ट क्रीम लागतं. टाचांच्या भेगांसाठीचं युरियाचं क्रीम घरात असतं म्हणून चेहऱ्याला लावू नका, सोलवटलेल्या जागी ते झोंबतं. नुसतं घट्ट ग्लिसरीनही नको.

लावायची वेळ महत्त्वाची. चेहरा टिपून झाला, त्वचा अजून किंचित ओलसर आहे, तेव्हाच लावा. दिवसातून दोनदा. दुपारी ताणल्यासारखं वाटलं तर परत लावा, त्यात कसलाही धोका नाही.

पायरी ५: औषध पुन्हा सुरू करा, पण सावकाश

पाणी लागल्यावर झोंबायचं थांबलं की पुन्हा सुरुवात.

आधी किती लावायचं ते. पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या एका दाण्याएवढं. तर्जनीच्या टोकावर तेवढं घ्या, कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी यांवर एकेक ठिपका द्या आणि पसरवा. लावल्यावर पांढरा थर दिसला तर जास्त झालं. या हिशेबानं १५ ग्रॅमची ट्यूब रोज वापरली तरी महिनाभर पुरायला हवी. कुणी दहा दिवसांत दुसरी ट्यूब मागायला आलं की मला पापुद्र्यांचं कारण चेहरा न बघताच कळतं. रेटिनॉइड फक्त आलेल्या पिंपलवर थापायचंही नसतं. पुढचे पिंपल्स येऊ नयेत म्हणून ते पूर्ण भागावर पातळ लावतात.

किती वेळा? पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री. जमलं तर पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड. तेही सोसलं तर रोज रात्री. काहींची त्वचा एक दिवसाआडच्या पुढे जात नाही. हरकत नाही, तेवढ्यानंही फरक पडतो. मधेच पुन्हा चरचर सुरू झाली तर एक पाऊल मागे या.

कसं लावायचं? चेहरा धुतल्यावर वीसेक मिनिटं थांबा, त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या त्वचेत रेटिनॉइड जास्त शिरतं आणि जास्त जाळतं. औषध लावण्याआधी नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडांना व्हॅसलिनचं बोट फिरवा, कारण औषध नेमकं तिथल्या खाचांत साठतं. नाजूक त्वचेला मी 'सँडविच' सुचवते. आधी मॉइश्चरायझर, ते मुरलं की औषध, त्यावर पुन्हा मॉइश्चरायझर. औषधाचा मारा थोडा सौम्य होतो, पण रोज नियमानं लावता येतं, आणि या उपचारात नियमालाच किंमत आहे.

बेन्झॉइल पेरॉक्साइडला दुसरी सोय आहे. लावून थोडा वेळ ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करा. टक्केवारी जास्त म्हणजे गुण जास्त, असंही नसतं. लाल, सुजलेल्या पिंपल्सवर २.५ टक्क्यांचं औषध १० टक्क्यांच्या औषधाइतकंच चालतं आणि त्वचा कमी चिडते. दोन्ही औषधं लिहून दिली असतील तर सहसा बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी आणि रेटिनॉइड रात्री, असं वाटून घेतात. ट्रेटिनॉइन त्याच्यासोबत लावलं तर निकामी होऊ शकतं. अ‍ॅडापलीनला तो त्रास नाही, म्हणून त्या दोघांची एकत्र ट्यूबही मिळते.

पहिल्या काही आठवड्यांत पिंपल्स उलट वाढल्यासारखे वाटतील. खरा फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. घरच्यांना हा आकडा आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही त्या ट्यूबचा" हे ऐकावं लागणार नाही.

ऊन

या काळात ऊन लवकर बोचतं आणि डाग गडद होतात. सकाळी मॉइश्चरायझरवर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा. दोन बोटांवर लांब रेघ ओढली की चेहरा आणि मानेपुरतं होतं. झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घेऊन बघा, सोललेल्या त्वचेला ते बहुधा सोसतं. क्रिकेटची प्रॅक्टिस, एनसीसी, पीटी असेल तर टोपी हवीच. स्कूटरवर तोंडाला स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनी तो सुती आणि मऊ घ्यावा, घट्ट आवळू नये आणि रोज धुवावा. घामट स्कार्फ दिवसभर गालावर घासला तर वरची सगळी मेहनत फुकट जाते.

उद्या गॅदरिंग आहे आणि आज पापुद्रे लोंबतायत

नखानं ओढू नका. वरचा सुटा भाग निघताना त्याच्यासोबत खालचा न पिकलेला थरही निघतो आणि तिथे ओली, लाल जखम होते. त्याऐवजी मऊ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून, पिळून दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. मग मॉइश्चरायझरचा जाड थर द्या आणि दहा मिनिटं थांबा. नंतर तेच ओलं कापड अगदी अलगद फिरवा. जे सुटं आहे ते आपोआप येईल, जे चिकटलेलं आहे ते राहू द्या. पुन्हा पातळ मॉइश्चरायझर. त्या रात्री औषध नाही. मेकअप करायचाच असेल तर पावडर टाळा, ती पापुद्र्यांवर बसून ते उठून दिसतात.

दाढी, थ्रेडिंग, वॅक्सिंग

पहिल्यांदा दाढी करणाऱ्या मुलांना कुणी काही सांगतच नाही, म्हणून इथे लिहिते. नवं ब्लेड, भरपूर जेल, केसांच्या दिशेनं एकच हात. नंतर तुरटी आणि आफ्टरशेव्ह दोन्ही नको, मॉइश्चरायझर लावा. त्या रात्री ट्यूबला सुटी. मुलींनी रेटिनॉइड चालू असताना चेहऱ्यावर वॅक्स करू नये, केसासोबत कातडी निघून येते. ओठांवरच्या थ्रेडिंगनंही सोलवटतं. पार्लरमध्ये ब्लीच आणि फेशियलला स्पष्ट नाही म्हणा आणि कारणही सांगा.

आजीच्या उपायांचं काय

आजी प्रेमानं सांगते, तिला तोडून बोलायचं नाही. पण डाळीच्या पिठानं चोळणं, मुलतानी माती, लिंबाचा रस, टूथपेस्ट, खायचा सोडा, यांतलं काहीही आत्ता चेहऱ्याला नको. मुलतानी माती तेल शोषून घेते, चेहरा आधीच कोरडा ठणठणीत आहे. लिंबाचं आम्ल सोललेल्या कातडीला भाजतं. खोबरेल तेल केसांना आणि अंगाला उत्तम, पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं. कुंडीतली कोरफड थंड वाटते खरी, पण पान कापल्यावर जो पिवळट चीक येतो तो त्वचेला चिडवतो. दिवाळीच्या अभ्यंगाला उटणं अंगाला लावा, चेहरा सोडा. ताईच्या लग्नातली हळद हातापायांना लावा आणि गालापाशी आलेला मामीचा हात हसून धरा. साजूक तूप मात्र फुटलेल्या ओठांना खुशाल लावा.

ट्यूबऐवजी गोळ्या चालू असतील तर

आयसोट्रेटिनॉइन हेही 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलंच, पण पोटात घ्यायचं औषध. त्याच्या कॅप्सूल घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाचे ओठ फुटतात. सुरुवातीपासूनच दिवसातून आठ-दहा वेळा व्हॅसलिन लावायची सवय करा, भेगा पडायची वाट बघू नका. ओठ चाटू नका, सालं ओढू नका. नाक आतून कोरडं पडून रक्त येत असेल तर नाकपुडीच्या आत व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट. डोळे खुपत असतील तर डॉक्टरांना विचारून थेंब घ्या, कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बाजूला ठेवा. कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. 'अ' जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या घेऊ नका. डॉक्सीसायक्लिनसारखी अँटिबायोटिक गोळी कुणी दुसऱ्या कारणासाठी लिहून दिली तर आधी सांगा की ही कॅप्सूल चालू आहे, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

आता एक गोष्ट अगदी स्पष्ट. या कॅप्सूलनं पोटातल्या बाळात गंभीर व्यंग निर्माण होतं. कॅप्सूल चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, आणि त्याच काळात मुलामुलींनी रक्तदानही करायचं नाही. मुलींना हे डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलता यावं म्हणून आईवडिलांनी काही मिनिटं बाहेर बसायची तयारी ठेवावी. आणि कुणाच्या उरलेल्या कॅप्सूल कुणीही घेऊ नयेत. या औषधाला रक्ततपासणी लागते, आणि मन खूप खचल्यासारखं वाटलं तर तेही त्याच दिवशी घरी आणि डॉक्टरांना सांगायचं.

डॉक्टरांकडे कधी जायचं

पापण्या किंवा चेहरा सुजला, अंगभर खाज सुटली, पाणी भरलेले फोड आले, तर ती खरी अ‍ॅलर्जी असू शकते. औषध लगेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. घसा आवळल्यासारखा वाटला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल. जखमेतून पू किंवा पिवळी खपली, ताप, तीन-चार दिवस सुटी देऊनही न थांबणारी आग, नवे काळे डाग, यांसाठीही घरी बसून राहू नका. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते.

जाताना लावत असलेलं सगळं एका पिशवीत घालून न्या: ट्यूब, फेसवॉश, सनस्क्रीन, मैत्रिणीनं दिलेलं क्रीमसुद्धा. काय लपवलं तर बरं, असा विचार नको. चेहरा सगळ्यात वाईट होता त्या दिवशीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, बिनफिल्टरचा, खिडकीच्या उजेडात काढलेला. आणि किती रात्री लावलं, किती लावलं, आग किती वेळ राहायची, एवढं कागदावर लिहून न्या. त्यावरून डॉक्टर ट्यूब बदलायची, तिची ताकद कमी करायची की तीच ठेवून अंतर वाढवायचं, ते ठरवतील.